आबांच्या पोटावरची डबी

दुपारची जेवणं झाली की आबा खाणीच्या कडेला हातभर सावली पडायची तिथं उताणे पडत आणि तंबाखूची पितळी डबी पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवत. डबी उडायची. फार नाही, पण चार पावलांवरून दिसेल इतकी आणि एका लयीत. माणसं गोळा व्हायची. त्यांच्यात ज्याला सगळे बडबड्या म्हणत तो एक घणवाला होता. तो म्हणायचा, "आबांनी पोटात एक गडी ठेवलाय कामाला. तो दुपारचीही सुट्टी घेत नाही." दुसरा म्हणायचा, "काळीज खाली घसरलंय. वय झालं की सगळंच घसरतं." आबा डोळे न उघडता म्हणत, "हसा लेको. माझी दोन-दोन इंजिनं आहेत. तुमचं एक धड चालेना."

दोन वर्षं हा खेळ चालला. माणसाच्या पोटावर डबी का उडावी, हे दोन वर्षांत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. फुकटचं हसू मिळत होतं, मग कशाला कोण डोकं शिणवतो!

आबा पाथरवट. घण मारणं त्यांनी पंचावन्नाव्या वर्षी सोडलं होतं, पण खाणीला त्यांच्याशिवाय चालत नसे. मोठा दगड फोडायचा म्हणजे आधी त्याच्या पाठीवर भोकांची ओळ पाडायची, भोकाभोकात लोखंडी पाचर बसवायची आणि मग एकेका पाचरीवर ओळीनं घण घालत जायचं. आबा तेव्हा दगडावर तळहात ठेवून बसत. घणाचा आवाज आधी खणखणीत यायचा, मग हळूहळू बसका होत जायचा. आत चीर धरली की आबा म्हणत, "थांब." त्यांनी थांब म्हटलं की थांबायचं. तासाभरात दगड आपोआप उघडायचा, करवतीनं कापावा तसा सरळ. त्यापुढं एक जरी घाव पडला तरी दगड वाकडा फुटणार आणि आठ दिवसांची मेहनत मातीत जाणार.

घण मारायला त्यांचा मुलगा असे. सून दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं त्यांचे कोपरे नीट करायची. तिच्या हातांना घट्टे होते आणि पापण्यांवर कायम पांढरी धूळ. खाणीत तिला पायाळू वहिनी म्हणत, कारण ती पायांकडून जन्मली होती. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसानं पाय द्यावा, उसण उतरते, हे खाणीत लहान पोरंही सांगतील. तापलेल्या गोल दगडावर माणसाला पालथं घालायचं आणि तिनं कमरेवर उभं राहायचं. तशी उसण तीन दिवसांत आपली आपण उतरते, पण श्रेय मिळायचं पायाला. तिलाही ते आवडायचं. दिवसभर दगड कोरणाऱ्या बाईला चार माणसं हात जोडून "वहिनी, तेवढा पाय द्या" म्हणतात, हे कुणाला नाही आवडणार?

त्या उन्हाळ्यात मुकादमानं सांगून टाकलं होतं. "पुलाच्या कामाचा मोठा दगड शनिवारपर्यंत अखंड निघाला तर ठीक. नाही तर यंत्र येतंय. मग तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या."

दगड केवढा, तर बैलगाडीएवढा. पाऊस आला की खाणीत पाणी भरणार, म्हणजे दिवस थोडेच. बुधवारी भोकं पुरी झाली, गुरुवारी पाचरी बसल्या. गुरुवारीच आबांनी दोनदा कंबर धरली. घरी आबांची बायको, म्हणजे सुनेची सासू, म्हणाली, "उद्या जाऊ नका." आबा म्हणाले, "उद्या दगड उघडायचाय. माझ्या हाताशिवाय उघडणार आहे का तो?" सासू म्हणाली, "मेल्यावरही त्या खाणीतच जाऊन बसा." हे बोलणं तिचं नेहमीचं होतं, कुणी मनावर घेतलं नाही.

शुक्रवारी सकाळी नवाच्या सुमाराला दगड पांढरा दिसायला लागला होता इतकं ऊन. मुलगा घण घालत होता, आबा तळहात टेकून बसले होते. निम्म्या पाचरी झाल्या होत्या. आवाज अजून खणखणीतच होता. एकाएकी आबांचा हात दगडावरून निसटला आणि ते कुशीवर कलंडले.

"काय झालं?"

"कमरेत... डावीकडं. सुरी घातल्यागत."

"उसण भरली," बडबड्या म्हणाला. "तीन दिवस उकिडवे बसलेत, भरणारच. वहिनीला हाक मारा."

सून छिन्नी टाकून आली. आबांचा चेहरा तिला राखेसारखा दिसला, पण धुळीनं तर सगळ्यांचेच चेहरे तसे. ती म्हणाली, "दवाखान्यात नेऊ या का?"

मुकादम म्हणाला, "निम्म्या पाचरी ताणावर सोडून? दगड वाकडा गेला तर जबाबदार कोण? दे पाय, बसतील उठून."

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. ती अडखळली. खाणीतल्या निम्म्या लोकांना तिनं पाय दिला होता, पण सासऱ्याच्या अंगाला पाय कसा लावायचा? आबांनीच मान हलवली. "लाव गं पोरी. औषध लावतेस असं समज. कर लवकर, दगड थांबलाय."

दोघांनी त्यांना गोल दगडावर पालथं घातलं. पोट दगडावर, डोकं खाली. ती आधी एका पायानं चढली. डाव्या टाचेखाली तिला काही तरी लागलं. खालून कुणी ठोकावं तसं, पुन्हा पुन्हा. तिला वाटलं, आपलाच पाय थरथरतोय. मग तिनं दुसरा पाय ठेवला आणि सगळा भार टाकला.

आबा ओरडले नाहीत. त्यांच्या तोंडून नुसता श्वास गेला आणि अंग सैल पडलं. तिनं उडी मारली. उताणे केले तर डोळे अर्धे उघडे, कपाळावर घाम, आणि त्या भट्टीसारख्या उन्हात तो घाम गार होता.

तोंडावर पाणी मारल्यावर त्यांनी डोळे उघडले. "दगड?" म्हणाले.

"घाला दगड खड्ड्यात!" मुलगा ओरडला. खडी भरायला आलेला ट्रक उभा होता. त्याच्या पुढच्या सीटवर आबांना आडवं घातलं. सासूला निरोप द्यायला माणूस पळाला.

वाटेत नवरा एकच वाक्य बोलला. "पाय दिल्याचं तिथं बोलू नकोस."

"का?"

"मागं खाणीतल्या एका पोराच्या जखमेला राख लावली होती, तर नर्स सगळ्यांदेखत काय बोलली आठवतं ना? जनावरं म्हणाली आपल्याला. आबांसमोर मला ते ऐकायचं नाही."

तिला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंही होतं.

दवाखाना म्हणजे एक लांब व्हरांडा, दोन खोल्या आणि दहा खाटांची एक खोली. डॉक्टर एकच, पोरसवदा बाई, डोळ्यांखाली काळं आलेलं. व्हरांड्यात चाळीस माणसं रांगेत. तिनं आबांना पाहिलं ते उभ्या-उभ्याच.

"कुठं दुखतंय?"

"डावीकडं. कमरेतून खाली जांघेत जातंय," मुलगा म्हणाला.

"खाणीत काम करता? पाणी किती पिता?"

"पाणी कुठलं! दिवसाला दोन तांबे झाले तर झाले."

"मग काय होणार? मुतखडा. या आठवड्यातला तुमच्या खाणीतला हा चौथा." ती लिहायला लागली. "चक्कर कशानं आली?"

"उन्हानं."

"आधीचा काही आजार?"

"काही नाही. कंबर तेवढी."

नर्सनं प्रेशर पाहिलं, नव्वद आलं. डॉक्टर म्हणाली, "ऊन आणि दुखणं. सलाईन लावा, दुखण्याचं इंजेक्शन द्या. लघवी झाली की तपासायला द्या." आणि ती रांगेकडं गेली. चुकीचं असं ती काही बोलली नव्हती. आधीचे तिघे मुतखड्याचेच होते आणि बरेही झाले होते. फक्त तिनं पोटाला हात लावला नाही.

समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. सून त्या घड्याळाकडं बघत स्टुलावर बसली. बाराला दहा कमी होते. नवरा ट्रकवाल्याला वाटेला लावायला बाहेर गेला आणि तिथंच विडी ओढत उभा राहिला. सलाईनचे थेंब पडत होते. आबांचं दुखणं इंजेक्शनानं कमी झालं नाही. ते पाय पोटाशी घेऊ बघत होते, ते जमत नव्हतं.

सव्वाबाराला त्यांनी तिचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता. ज्या हातानं पहार एका फेकीत जमिनीत रुतायची, तो हात.

"पोरी, ही कंबर नाही."

"बोलू नका आबा. डॉक्टर म्हणतात खडा आहे. पडून जाईल."

"खडाही नाही. कंबर चाळीस वर्षं दुखतेय माझी, तिला मी ओळखतो. हे वेगळं आहे." ते थांबले, ओठांवरून जीभ फिरवली. "आत चीर गेलीय. मी दगडाला हात लावून सांगतो ना, तसं सांगतोय."

टाचेखाली लागलेलं ते ठोकणं तिला आठवलं. ते आपल्या पायाचं नव्हतं, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे पाय दिल्याचं सांगायचं. आणि पाय दिल्याचं सांगायचं म्हणजे या चाळीस माणसांसमोर जनावर व्हायचं. शिवाय त्यांना काही झालंच, तर ते कुणी केलं? तिनंच. ती बसून राहिली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर सगळे तिच्या धैर्याचं कौतुक करत होते. त्या घड्याळानं तिला पंचवीस मिनिटं बसलेली पाहिलं आहे.

एकला वीस कमी असताना आबा म्हणाले, "डबी कुठंय?"

डबी त्यांच्याच खिशात होती. तंबाखू हवी असेल म्हणून तिनं ती काढली. हातात घेतल्यावर मात्र तिनं ती त्यांना दिली नाही. सदरा वर केला आणि नेहमीच्या जागी पोटावर ठेवली. पोट घट्ट झालं होतं, डावीकडं फुगवटा होता. डबी उडाली, पण लहान आणि भराभर उडाली. मग ती कलली आणि घसरून खाटेवर पडली.

ती उठली आणि रांगेत घुसली.

"ए बाई, आम्ही काय झाडं मोजायला आलोय?"

"नंबर लाव, नंबर!"

नर्सनं दारात तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि टेबलाजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टर, मी त्यांच्या कमरेवर पाय दिला. उन्हानं नाही आली चक्कर. मी उभी राहिले त्यांच्यावर, तेव्हा आली."

"पाय दिला म्हणजे?"

"मी पायाळू आहे. उसण उतरवते."

रांगेत कुणी तरी फिस्सकन हसलं. नर्सनं कपाळाला हात लावला. नवरा दारात आला होता, त्यानं मान खाली घातली. तिचे कान तापले, पण आता निम्म्यावर थांबणं शक्य नव्हतं.

"पायाखाली ठोके लागत होते. आणि त्यांच्या पोटावर डबी उडते. दोन वर्षं झाली. आम्ही हसायचो."

डॉक्टरचं पेन थांबलं. "काय उडते?"

"डबी. तंबाखूची. पोटावर ठेवली की उडते. खाली मोठं काही तरी ठोकतं."

डॉक्टर उठली तेव्हा तिची खुर्ची मागं पडली. ती पळतच खाटेपाशी गेली. तिनं दोन्ही हात आबांच्या बेंबीच्या दोन बाजूंना ठेवले आणि हळू दाबले. सून बघत होती. हात नुसते वर उचलले जात नव्हते, प्रत्येक ठोक्याला ते एकमेकांपासून दूर ढकलले जात होते.

"सलाईन बंद करा."

नर्स म्हणाली, "मॅडम, प्रेशर ऐंशीवर आलंय."

"म्हणूनच. प्रेशर वाढवलं तर उरलंसुरलं फुटेल. बंद करा. आणि रुग्णवाहिका."

"सोनोग्राफीवाला दोनला येतो. आधी—"

"दोनपर्यंत हा माणूस थांबणार नाही."

तिनं फोनवर शहरातल्या मोठ्या दवाखान्याला सांगितलं ते सुनेनं ऐकलं. पासष्ट वर्षांचा पुरुष, विडी-तंबाखू, एकाएकी कमरेत दुखणं, चक्कर, प्रेशर कमी, पोटात ठोके देणारी गाठ. "नाही, तपासणी नाही झालेली. संशय नाही, खात्री आहे. ऑपरेशनची खोली तयार ठेवा." मग ती दोघांकडं वळली. "पोटात मागच्या बाजूला अंगठ्याएवढी मोठी रक्तवाहिनी असते. ह्यांची फुगून मुठीएवढी झाली होती, ती फुटलीय. रक्त अजून मागच्या मागं दबून राहिलंय म्हणून ते बोलतायत. दीड तासाचा रस्ता आहे. तिथं पोचले तर आशा आहे."

"माझ्या पायानं फुटली?" सुनेनं विचारलं.

डॉक्टरनं तिच्याकडं पाहिलं. तिला खोटं बोलता आलं असतं. "दुखायला लागलं तेव्हाच फुटायला लागली असणार. पायानं किती वाढलं, ते मला सांगता येणार नाही." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हात मी लावायला हवा होता. एक मिनिटही लागलं नसतं."

रुग्णवाहिका सव्वाला निघाली. आत आबा, डॉक्टर, मुलगा आणि सून. रस्ता खडीचा, आणि खडी त्यांच्याच खाणीतली. प्रत्येक खड्ड्याला आबांचा चेहरा आवळायचा. मुलगा त्यांच्या डोक्याशी बसून "आलंच आबा, आलंच" म्हणत होता, तो काय आलं म्हणत होता त्यालाच ठाऊक.

अर्ध्या तासानं आबांनी डोळे उघडले. अगदी शुद्धीवर होते. मुलाला म्हणाले, "पाचरींना हात लावू देऊ नकोस कुणाला. ताण बसलाय तेवढा पुरे. आपोआप उघडेल."

"बरं."

"मी थांब म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. दगडाबद्दल म्हणाले, की कशाबद्दल, ते कुणी विचारलं नाही. त्यांनी सुनेकडं पाहिलं, तिचा हात शोधला, तो सापडला आणि थोड्या वेळानं सुटला. डॉक्टर त्यांच्या छातीवर दाबत राहिली, घाम गाळत, बराच वेळ. मग तिनं पुढच्या काचेवर टकटक केली आणि गाडीचा भोंगा बंद झाला.

दगड वाकडा गेला. मुकादमाला धीर निघाला नव्हता, त्यानं दुपारीच उरलेल्या पाचरींवर घण घालायला लावले होते. दोन तुकडे, एक मोठा, एक लहान, कुठल्याच कामाचे नाहीत. पण यंत्र काही लगेच आलं नाही, म्हणून माणसं पुन्हा खाणीत आली. नवराही आला, सूनही आली. घरी बसून करायचं काय?

तिला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नवरा घरात लागेल तेवढंच बोलायचा आणि तेही भिंतीकडं बघून. सासू एकदा दुपारी उंबऱ्यात बसून म्हणाली, "मला रोज हाताला लागायचं गं ते. झोपताना त्यांच्या पोटावर हात असायचा माझा. ते ठोके मोजत मला झोप लागायची. माणूस धडधाकट आहे असं वाटायचं." सून तिच्याजवळ बसली आणि दोघी रडल्या. सुनेला सासूचा हेवाही वाटला. तिचा निदान हात होता.

महिन्याभरानं बडबड्याची कंबर धरली. तो वाकलेलाच आला, कुणाच्या तरी खांद्यावर भार देऊन. गोल दगड तिथंच उन्हात तापत पडला होता. सगळ्यांनी त्या दगडाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"वहिनी," तो चाचरत म्हणाला, "बघा, जमलं तर..."

"उताणा हो."

"पालथा ना?"

"उताणा."

तो सावलीत पडला. तिनं त्याचा सदरा वर केला, आपल्या कनवटीची आबांची डबी काढली आणि त्याच्या बेंबीच्या वर ठेवली. कुणी हसलं नाही. बडबड्या आभाळाकडं बघत होता आणि त्याचे ओठ वाळले होते. डबी उडाली नाही. तिनं मनात शंभर मोजले, मग दोन्ही हात पोटाच्या दोन बाजूंना ठेवून दाबून बघितलं, त्या डॉक्टरनं बघितलं तसं.

"उसणच आहे," ती म्हणाली. "तीन दिवस पडून राहा. उतरली नाही तर दवाखान्यात जा, आणि त्यांना पोटाला हात लावायला सांग."

"आणि पाय?"

"पाय नाही."

बडबड्या उठून बसला. त्याच्या शेजारी एक म्हातारा घणवाला आडवा झाला आणि त्यानं आपणच सदरा वर केला. मग आणखी एक. मुकादमानं एकदा "कामं नाहीत का रे?" म्हटलं, तेवढंच. ती गुडघ्यांवर सरकत एकाकडून दुसऱ्याकडं जात होती. डबी ठेवायची, मोजायचं, उचलायची. सात-आठ माणसं पोटं उघडी टाकून ओळीनं पडली होती.

ओळीच्या शेवटी नवरा होता. तो कधी येऊन पडला ते तिला कळलं नाही. तिनं डबी ठेवली. डबी त्याच्या श्वासाबरोबर वर-खाली होत होती, बाकी काही नाही. तिनं शंभर मोजले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"गप्प राहा असं मीच म्हणालो होतो तुला," तो म्हणाला. महिन्यात पहिल्यांदाच तो तिच्याकडं बघून बोलत होता.

"बोलू नका," ती म्हणाली. "बोललं की डबी हलते. मला कळत नाही."

तो गप्प पडून राहिला आणि ती मोजत राहिली.